व्हायोला वाजवून घर चालतं का?

मुलाला व्हायोलिनच्या क्लासला घालून चार-पाच वर्षं झालेली असतात. हात बसलेला असतो, ग्रेडच्या परीक्षा रीतसर चाललेल्या असतात आणि एक दिवस शिक्षक विचारतात, "याला व्हायोलाकडे वळवूया का?" मग घरात चर्चा सुरू होते. हे व्हायोला म्हणजे नेमकं काय? व्हायोलिन सोडायचं का? आणि पुढे यातून पोटापाण्याचं काही होतं का? मी ठाण्यात राहते, ठाण्यात आणि वाशीला शिकवते, स्वतः व्हायोला वाजवते. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच, आणि त्याचं उत्तर क्लासच्या दारात उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

थोडक्यात सांगायचं तर घर चालतं, पण एकाच पगारावर क्वचित. आपल्याकडे बहुतेकांचं चार-पाच कामांची मोट बांधूनच चालतं. ती मोट कशी बांधली जाते हे समजायचं तर आधी वाद्याचं काम समजून घ्यायला हवं.

वाद्याची ओळख पेटीवरून करून देते, कारण पेटी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. दिसायला व्हायोला म्हणजे थोडं मोठं व्हायोलिन. तसंच खांद्यावर घ्यायचं, हनुवटीखाली धरायचं, गजाने वाजवायचं. फरक तारांमध्ये आहे. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिनच्या तारा खालून वर अशा लावतात: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. व्हायोलाच्या तारा पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा. म्हणजे तीन तारा दोघांच्या सारख्याच. व्हायोलिनची सगळ्यात उंच, झगमगती तार इथे नाही आणि खाली एक जाड तार जास्तीची आहे, जिला आम्ही सी तार म्हणतो. पांढरी एकमध्ये गाणारा पुरुष गायक जिथे आपला सा लावतो, तिथे ही तार बोलते. या एका तारेसाठीच माणसं व्हायोलाच्या प्रेमात पडतात.

आता एक अडचण बघा. व्हायोलिनच्या खोक्याची लांबी साधारण १४ इंच. सूर एका पंचमाने खाली न्यायचे तर हिशेबाने खोकं दीडपट, म्हणजे २१ इंचांच्या आसपास हवं. एवढं वाद्य खांद्यावर धरलं तर हात पट्टीच्या टोकापर्यंत पोचणारच नाही. म्हणून कारागिरांनी पूर्वीपासून मधला मार्ग काढला आणि व्हायोला १५ ते १७ इंचांच्या दरम्यान ठेवला. खालच्या सुरांना लागते तेवढी पोकळी त्यात नसते. त्यामुळे आवाज थोडा दबलेला, किंचित घोगरा, नाकातून घुमल्यासारखा येतो. मला त्यात उणीव कधी वाटली नाही. प्रौढ माणूस आवाज न चढवता बोलतो, तसं ते ऐकू येतं.

पण हा आवाज फुकट मिळत नाही. व्हायोलिनच्या सवयीने सी तारेवर गज झरकन ओढला तर तार नुसती खरखरते. ती जाड असते, हलायला वेळ घेते. आधी गज तारेवर टेकवून दंडाचं वजन हळूहळू सोडायचं, तार गजाच्या केसांनी धरली आहे असं बोटांना जाणवलं की मग सावकाश ओढायचं. व्हायोलाचा गजही जड असतो, सुमारे ७० ग्रॅमचा. व्हायोलिनचा ६० च्या आसपास. डाव्या हाताला दोन सुरांमधलं अंतर जास्त, त्यामुळे व्हायोलिनवर पाठ झालेली बोटं इथे बेसूर पडतात. व्हायोलिनकडून आलेल्या विद्यार्थ्याचे पहिले काही महिने या दोन गोष्टींतच जातात. त्यात भर नोटेशनची. व्हायोलाचं लिखाण आल्टो क्लेफमध्ये असतं, म्हणजे कागदावरच्या त्याच रेघेवर आता वेगळा सूर. डोळ्यांना ते सवयीचं होईपर्यंत चांगली वाजवणारी मुलंही अडखळतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे.

मधल्या सुराचं काम

आपल्या शास्त्रीय संगीतात एका वेळी एकच मुख्य स्वररेषा असते आणि तिच्यामागे तंबोरा. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वेगवेगळे सूर एकमेकांवर रचलेले असतात. सा-ग-प एकत्र वाजवा. वर व्हायोलिन, खाली चेलो आणि डबल बास, आणि मधला ग बऱ्याचदा व्हायोलाकडे. आता तो ग शुद्ध आहे की कोमल, यावर अख्ख्या ऑर्केस्ट्राचा भाव ठरतो. शुद्ध असेल तर सगळं उजळ, कोमल झाला की तेच सगळं काळवंडतं. श्रोत्याच्या कानात वरची चाल राहते. त्या चालीला रंग कुठून आला हे तो शोधत बसत नाही, आणि बसूही नये.

म्हणून व्हायोला वादकाची परीक्षा वेगळ्या गोष्टीत होते. आपला सूर किती चमकला यापेक्षा तो वरच्या आणि खालच्या सुरांमध्ये नेमका बसला का, हे शेजारी बसलेला वादक क्षणात ओळखतो. पुढचं काम मिळतं ते त्या शेजाऱ्याच्या मतावर. या व्यवसायातली ओळख श्रोत्यांपेक्षा सहकाऱ्यांमध्ये आधी होते, आणि ही गोष्ट मुलांना लवकर सांगायला हवी. ज्याला पुढे उभं राहून वाहवा हवी आहे त्याने व्हायोलिनवरच राहावं. त्यात काही कमीपणा नाही. दुसऱ्याचं ऐकत वाजवण्यात ज्याला मजा येते, त्याच्यासाठी हे वाद्य आहे. बेथोव्हेन तरुणपणी बॉनच्या दरबारी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवत असे, ड्वोर्झाकने प्रागच्या नाट्यगृहातल्या ऑर्केस्ट्रात कित्येक वर्षं व्हायोलाच वाजवला, आणि मोत्सार्टला घरगुती मैफिलीत व्हायोलाच हातात घ्यायला आवडायचं. रचना आतून ऐकायची तर बसायची जागा हीच.

कधीमधी मुख्य चालही मिळते. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा दुसरा भाग व्हायोला आणि चेलो मिळूनच सुरू करतात. बाखच्या सहाव्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टोमध्ये (कॉन्चेर्टो म्हणजे एक किंवा काही वाद्यं पुढे आणि बाकीची मागे अशी रचना) तर व्हायोलिनच नाहीत, सगळ्यात वर दोन व्हायोला. ज्यांनी हे वाद्य कधी ऐकलं नाही त्यांनी सुरुवात इथून करावी.

एकट्याने पुढे उभं राहून वाजवणारे व्हायोला वादक जगात मोजकेच. ते दार उघडलं इंग्लंडच्या लायनेल टर्टिसने. १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने रचनाकारांच्या मागे लागून व्हायोलासाठी लिहून घेतलं. इंग्रज रचनाकार वॉल्टनचा कॉन्चेर्टो मात्र त्याने आधी नाकारला. तो १९२९ मध्ये पहिल्यांदा वाजवला जर्मनीच्या पॉल हिंडेमिटने, जो स्वतः रचनाकारही होता. हंगेरीच्या बार्टोकने व्हायोला वादक विल्यम प्रिमरोजसाठी लिहायला घेतलेला कॉन्चेर्टो १९४५ मध्ये बार्टोक गेल्यामुळे अपुरा राहिला, तो टिबोर सर्ली याने पुरा केला. आज ताबेआ झिमरमान, किम कश्कशियान, आंत्वान तामेस्ती अशी नावं आहेत. ऐकायला जरूर ऐकावेत. पण करिअरचा विचार करताना ही नावं डोळ्यांसमोर ठेवू नयेत, कारण जगातल्या बहुसंख्य व्हायोला वादकांचं आयुष्य ऑर्केस्ट्रातल्या खुर्चीवर, चौघांच्या क्वार्टेटमध्ये आणि शिकवण्यात जातं. त्या आयुष्याचंच इथे सांगायचं आहे.

परदेशातली खुर्ची कशी मिळते

मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात तारवाद्यांची रचना साधारण अशी असते: पहिले व्हायोलिन १६, दुसरे १४, व्हायोला १२, चेलो १०, डबल बास ८. म्हणजे तीस व्हायोलिनमागे बारा व्हायोला. जागा कमी, पण व्हायोलिन वाजवणाऱ्यांची गर्दी त्याहून कितीतरी पटीने मोठी असते. "व्हायोलाला स्पर्धा कमी" असं लोक म्हणतात त्याचा आधार एवढाच. शाळेच्या आणि कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात हे खरं ठरतं. बरा व्हायोला वाजवणाऱ्याला तिथे कोणीही हसत घेतं. व्यावसायिक खुर्चीसाठी मात्र एका जागेला जगभरातून अर्ज येतात आणि तिथे "कमी स्पर्धा" हा शब्द विसरायचा.

ऑडिशनची पद्धत ठरलेली आहे. पहिल्या फेरीत बहुधा श्टामित्स किंवा हॉफमाइस्टर यांच्या कॉन्चेर्टोचा भाग, दोन्ही अठराव्या शतकातले. पुढे वॉल्टन, बार्टोक किंवा हिंडेमिट. आणि त्यानंतर ऑर्केस्ट्राच्या रचनांमधले ठरावीक कठीण तुकडे: रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ची सुरुवात, मेंडेल्सझोनच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मधलं स्केर्त्सो, मोत्सार्टची पस्तिसावी सिंफनी. हे तुकडे एकट्याने वाजवायचे असतात, पण असे की बाकीचा ऑर्केस्ट्रा तुमच्या डोक्यात चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळावं. लय जरा हलली की वरून "थँक यू" ऐकू येतं आणि तुमची पाळी संपते. बऱ्याच ठिकाणी, विशेषतः अमेरिकेत, वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा असतो आणि पावलांचा आवाज कळू नये म्हणून खाली गालिचा. नाव, चेहरा, बाई की पुरुष, काहीच कळत नाही. भारतातून जाणाऱ्या मुलीला हा पडदा मोठा आधार वाटतो, असं मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते. या पडद्याच्या कितीतरी आधी, पहिल्या महायुद्धाच्याही आधी, कंडक्टर हेन्री वुडने लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात पहिल्यांदा काही बायकांना घेतलं. त्यांच्यात व्हायोला वाजवणारी रिबेका क्लार्क होती, जिचा १९१९ चा सोनाटा (व्हायोला आणि पियानोसाठीची रचना) आज प्रत्येक व्हायोला विद्यार्थी वाजवतो.

निवड झाली तरी नोकरी पक्की होत नाही. जर्मनीत साधारण वर्षभर परीक्षेचा काळ असतो आणि शेवटी सेक्शनमधले, म्हणजे त्याच वाद्याच्या गटातले, सहकारीच मत देतात. ब्रिटनमध्ये काही आठवडे किंवा महिने अधूनमधून वाजवायला बोलावून पारखतात. सूर, लय ही तर गृहीतच. वेळेवर येतो का, पानावर पेन्सिलीने खुणा नीट करतो का, सेक्शनच्या प्रमुखाचा गज जिथे आहे तिथेच याचा गज आहे का, हेही बघतात.

तिथपर्यंत जाण्यासाठीचं शिक्षण परदेशातच घ्यावं लागतं, हे मी स्पष्ट सांगते. खर्चाची धास्ती घेण्याआधी दोन गोष्टी माहीत असाव्यात. जर्मनीतल्या सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिकवणीची फी नसते, फक्त सेमिस्टरचं छोटं अंशदान असतं. ठळक अपवाद बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा. तिथे २०१७ पासून युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो भरावे लागतात. राहण्या-खाण्याचा खर्च अर्थातच आपला, आणि जर्मन भाषेची परीक्षाही द्यावी लागते. अमेरिकेत फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट १९२८ पासून प्रत्येक विद्यार्थ्याला फी माफ करते, पण तिथे मुळात प्रवेश मिळणं हेच मोठं काम. जर्मनीचा पर्याय मला आपल्या मध्यमवर्गीय घरांसाठी जास्त खरा वाटतो. दहावीनंतर जर्मनचा क्लास लावला तर वेळ पुरतो.

आणि इथे, मुंबईत?

इथे पूर्णवेळ व्यावसायिक ऑर्केस्ट्रा म्हणावा असा एक आहे: सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ साली खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिन वादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो उभा केला. मोठ्या सीझनच्या वेळी परदेशी वादक मोठ्या संख्येने येतात, कारण तेवढे तयार वादक इथे अजून नाहीत. ही उणीव भरून काढायची म्हणून २०१२ मध्ये त्यांनी स्वतःची अकादमीही सुरू केली, जिथे लहान वयापासून मुलांना घडवलं जातं. २०१५ मध्ये उस्ताद झाकीर हुसेन यांनी याच ऑर्केस्ट्रासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो रचला. तबल्याच्या कायद्यांमागे व्हायोलाचा सेक्शन वाजतो हे ज्यांनी ऐकलं, त्यांना या वाद्याचं इथलं भविष्य वेगळं समजावून द्यावं लागत नाही. याच्या खूप आधी, १९३५ मध्ये, मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. झुबिन मेहता यांचे ते वडील. म्हणजे ही परंपरा आपल्याकडे काल-परवाची नाही.

दुसरं क्षेत्र म्हणजे चित्रपटसंगीत, आणि त्याची गोष्ट मला नीट सांगावीशी वाटते. पन्नाशीच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं मुंबईतल्या स्टुडिओत मोठमोठे सेक्शन बसायचे. त्यात गोव्याहून आलेले वादक खूप, कारण तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये त्यांना लहानपणीच स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकवलेलं असे. संगीतकाराची चाल सरगममध्ये असायची. सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर त्या चालीभोवती व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांचे वेगवेगळे भाग लिहायचे. अँथनी गोन्साल्विस यांनी शिकवलेल्या मुलांतला एक म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले प्यारेलाल. जुनी गाणी ऐकताना अंतरा संपून मुखडा यायच्या आधी खालून जी गडद सावली सरकते, तिच्यात व्हायोला आहे. पुढे कीबोर्डवर तारवाद्यांचे तयार आवाज आले आणि सेक्शन आटत गेले. बरेचसे निर्माते आता तारवाद्यांचं काम चेन्नईला किंवा थेट बुडापेस्टला करून घेतात.

तरी काम आहे. मुंबईत त्याला अजूनही शिफ्ट म्हणतात. अंधेरीच्या एखाद्या स्टुडिओत चार व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो एवढेच जण बोलावतात. हेडफोनमध्ये लय दाखवणारी क्लिक सुरू होते, समोर त्याच क्षणी छापलेला कागद येतो, एकदा डोळे फिरवायला मिळतात आणि लाल दिवा लागतो. टेक झाला की तोच भाग पुन्हा, मग पुन्हा. हे थर एकावर एक चढवून सात जणांचे तीस जण केले जातात. इथे पहिल्याच वाचनात अचूक वाजवणाऱ्याला किंमत असते. मी शिकवताना रोज दहा मिनिटं अनोळखी पान समोर ठेवते, ते याचसाठी. सुंदर टोन असलेला पण वाचनात कच्चा वादक दुसऱ्या शिफ्टला बोलावला जात नाही. व्हायोलाला दोनच खुर्च्या असतात, त्यामुळे अरेंजरच्या फोनमध्ये व्हायोलाची मोजकीच नावं असतात. एकदा त्यात आलात की फोन येत राहतो.

तिसरं आणि सगळ्यात भरवशाचं काम म्हणजे शिकवणं. माझ्यासारख्यांचं घर खरं तर यावरच चालतं. ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या वसाहती, नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर; इथल्या पालकांना मुलांनी पाश्चात्त्य वाद्य शिकावं असं वाटू लागलंय. बहुतेक मुलं व्हायोलिनसाठी येतात, व्हायोलासाठी क्वचितच कोणी. म्हणून व्हायोला वादकाला व्हायोलिन उत्तम शिकवता आलंच पाहिजे. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी या दोन ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा मुंबईत होतात आणि पालकांना त्या हव्या असतात. एबीआरएसएममध्ये सहावीपासून पुढच्या ग्रेडला आधी थिअरीची पाचवी ग्रेड लागते, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं, म्हणून इथेच सांगून ठेवते. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळा संगीत शिक्षक पगारावर नेमतात. महिन्याला ठरलेली रक्कम देणारं काम ते हेच, आणि त्यात कमीपणा मानण्याचं काहीएक कारण नाही.

उरलेलं म्हणजे लग्नात, हॉटेलात, कंपन्यांच्या समारंभात क्वार्टेट म्हणून वाजवणं. चौघांत व्हायोला एकच असतो, आणि तो नसेल तर क्वार्टेट होत नाही. पैसे बरे मिळतात. हिवाळ्यात काम भरपूर, पावसाळ्यात जवळजवळ शून्य.

आता ही मोट महिन्याच्या हिशेबात कशी दिसते? आठवड्याचे चार दिवस संध्याकाळी क्लास, शनिवार-रविवार सकाळी क्लास. मधल्या दिवसांत एखादी शिफ्ट. वर्षातून काही आठवडे सलग तालमी आणि मैफिली, त्या काळात क्लास पुढे ढकलायचे आणि नंतर भरून द्यायचे. पैसे वेगवेगळ्या ठिकाणांहून, वेगवेगळ्या तारखांना येतात. काही टीडीएस कापून, काही दोन-तीन महिन्यांनी. घराचं कर्ज मागायला गेलात तर बँक पगाराची स्लिप मागते आणि ती नसते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाचं बिल द्यावं, सगळे पैसे खात्यावर घ्यावेत, विवरणपत्र न चुकता भरावं. तीन वर्षांची विवरणपत्रं हातात असली की बोलणं सोपं होतं. आरोग्य विमा स्वतःचा स्वतः काढायचा. तरुण वादकांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगत राहते.

प्रवासही या व्यवसायाचा भाग आहे. ठाण्याहून सीएसएमटी साधारण ३४ किलोमीटर, आणि तालीम सकाळी दहाची असली तर गर्दीच्या फास्ट लोकलमध्ये पाठीवर केस घेऊन चढायचं. मी छातीशी धरून उभी राहते, महिलांच्या डब्यात बायका जागा करून देतात, "मॅडम, गिटार आहे का?" असंही विचारतात, आणि मी दर वेळी आनंदाने सांगते काय आहे ते. वाशी-नेरूळहून हार्बर लाइन थेट सीएसएमटीला जाते. ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बरवर उलट्या दिशेला सकाळी बसायला मिळतं, तिथे माझं नोटेशनचं वाचन होतं.

शरीर आणि हवा

व्हायोला जड असतो आणि तासन्‌तास डावा खांदा, मान आणि मनगट यांच्यावर राहतो. वादकांना खांद्याची, मानेची दुखणी लागतात आणि ती लपवण्याची वाईट सवयही लागते. दुखायला लागलं की त्याच दिवशी थांबावं, खांद्याचा आधार बदलून बघावा, फिजिओथेरपिस्टकडे जावं. आपल्या हाताच्या लांबीला झेपेल तोच आकार घ्यावा. मोठ्या व्हायोलाचा आवाज मोठा म्हणून साडेसोळा इंची वाद्य लहान चणीच्या मुलीच्या खांद्यावर चढवणं मला मान्य नाही.

कानांचं तर अजूनच महत्त्वाचं. ऑर्केस्ट्रात व्हायोला बऱ्याचदा पितळी वाद्यांच्या अगदी पुढे बसतात. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या तालमीत ट्रम्पेटच्या पुढे बसलेल्या एका व्हायोला वादकाचे कान कायमचे दुखावले. तिथला आवाज १३० डेसिबलच्याही वर गेला होता. त्याने दावा लावला, २०१८ मध्ये हायकोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी वरच्या कोर्टाने तो कायम केला. त्यानंतर जगभर ऑर्केस्ट्रांना बसण्याची जागा आणि कानांचं संरक्षण यांचा विचार गांभीर्याने करावा लागला. वादकांसाठी खास बनवलेले इअरप्लग मिळतात, त्यांनी आवाज फक्त कमी होतो, विद्रूप होत नाही. विद्यार्थीदशेतच त्यांची सवय लावावी.

आपल्या खाडीकाठच्या हवेचं वेगळंच प्रकरण आहे. व्हायोलाचे भाग प्राण्यांच्या चामड्यापासून बनवलेल्या सरसाने जोडलेले असतात, आणि तो सरस ओलाव्याने मऊ पडतो. तो मुद्दामच तसा वापरतात, म्हणजे दुरुस्तीसाठी वाद्य न मोडता उघडता येतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात हवेतला ओलावा इतका चढतो की कडेची सांध उघडते, खुंट्या फुगून अडकतात, गजाचे केस सैल पडतात. वाद्याला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये छोटं आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, गज वाजवून झाल्यावर नेहमी सैल करावा, आणि एसी खोलीतून एकदम बाहेर वाद्य उघडू नये. सांध उघडली तर घरी फेविकॉल लावू नये, हे हात जोडून सांगते. नंतर तो निघत नाही आणि लाकूड फाटतं. चांगले दुरुस्ती करणारे मुंबईत बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांच्याकडे थांबावं लागलं तरी थांबावं.

सुरुवात करताना

लगेच व्हायोला विकत घेऊ नका. मुलाच्या सध्याच्या व्हायोलिनलाच व्हायोलाच्या तारा लावता येतात. लहान मापाच्या वाद्यांसाठी तशा तारा खास मिळतात, धोबी तलावच्या फुर्टाडोजसारख्या दुकानात चौकशी करा किंवा शिक्षकांना मागवायला सांगा. खुंट्या आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती घोडी) यांच्यात थोडा फेरफार करावा लागेल, तो जाणकाराकडूनच करून घ्या. आवाज खूप खोल येणार नाही, पण सी तार हाताला कळेल आणि आल्टो क्लेफचं वाचन सुरू होईल. सहा महिने असं चालू द्या. व्हायोलिन सोडू नका, दोन्ही ठेवा. शिकवण्यासाठी आणि शिफ्टसाठी ते पुढे लागणारच आहे.

या सहा महिन्यांत मुलाला दुसऱ्या कोणाबरोबर तरी वाजवायला मिळेल असं बघा. क्लासमधली दोन व्हायोलिन आणि चेलो वाजवणारं एखादं मूल मिळालं तर हायडनचं सोपं क्वार्टेट बसवता येतं. सोसायटीत संध्याकाळी सरावाला शेजाऱ्यांची हरकत असेल तर रबरी म्यूट लावा, आवाज निम्म्याहून कमी होतो. क्वार्टेटच्या दिवशी मात्र म्यूट काढून ठेवा. चौघांना बसवून वाजवायला लावा आणि मुलाला मधल्या ओळीत ठेवा. पुढच्या रविवारी तो स्वतःहून विचारतो का, "आज तिघं येणार आहेत ना?", याकडे लक्ष द्या. विचारलं, तर पूर्ण मापाच्या व्हायोलासाठी पैसे साठवायला लागा आणि मुलाच्या हाताची लांबी मोजून मगच आकार ठरवा.